चांदीतलं तांबं

हिंगणघाटला पांढऱ्या रंगाची पारख आहे. दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा खरेदीदार मुठीत कापूस घेऊन धागा ओढून पाहतो. पण त्याआधीच त्याची नजर रंगावरून फिरून गेलेली असते. अवकाळी पावसात भिजलेला, पिवळट डागांचा कापूस त्याला लांबूनच ओळखू येतो. ती कवडी. तिचा भाव पडतो. बोंड त्याच झाडाचं आहे, पाणी वरून पडलं त्यात माझा काय दोष, असं शेतकऱ्यानं कितीही सांगितलं तरी पडलेला भाव वर येत नाही. पिढ्यानपिढ्या पांढऱ्यावर पोट असलेल्या गावाची नजर अशी घडते, आणि मग ती घरातही येते.

माझ्या आजीच्या तोरड्या दुरुस्तीहून परत आल्या आणि काही आठवड्यांनी त्यांच्यावर डाग दिसू लागला, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांच्याकडे कवडीकडे पाहावं तसंच पाहिलं. एका तोरडीच्या फाशाजवळची कडी झिजून तुटली होती. सोनाराकडून आली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती, थोडी निस्तेज, पण स्वच्छ. लग्नाच्या निमित्तानं पावडर लावून, मऊ फडक्यानं घासून काढली आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट-करडी सावली उमटली. उन्हात धरली की ती जवळजवळ नाहीशी व्हायची. खिडकीपासून दूर नेली की पुन्हा स्पष्ट दिसायची. चिंच लावून पाहिली, रिठ्याच्या पाण्यात भिजवून पाहिली. काही फरक पडला नाही. काकूंनी निकाल देऊन टाकला, ‘चांदी बदलली.’ आत्याबाईंचं म्हणणं त्याहून सौम्य होतं, पण दिशा तीच. कडी भेसळीची घातली असावी.

सोनारावर संशय घेणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत कमी नाहीत. जुन्या काळी दागिना करायला दिला की घरातलं एखादं माणूस सोनारासमोर बसून राहायचं, ते उगाच नाही. पण तोरडी हातात घेतली की मला एक गोष्ट खटकत होती. डाग नव्या कडीवर कमी होता आणि जुन्या, आजीच्या चांदीवर जास्त. चांदी बदलली असती तर उलट दिसायला हवं होतं. म्हणून मी तोरड्या घेऊन सराफ्यातल्या त्याच दुकानात गेले. भांडायला नाही. पाहायला.

सोनारकाकांनी तोरडी चष्म्याजवळ नेली, सावलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘चांदी तुमचीच हाय, ताई. आतलं तांबं वर दिसून राह्यलं. आगीपाशी गेलं का ते होतेच.’

आतलं तांबं. आजीच्या तोरड्यांना घरात सगळे ‘शुद्ध चांदी’ म्हणत आले होते. त्या राणीछाप रुपयांच्या होत्या, हे त्या शुद्धतेचं प्रमाणपत्र. आजीच्या सासूनं मोजून रुपये सोनाराकडे दिले होते, आणि तोरड्या तयार झाल्यावर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तितकेच रुपये घालून तोलून घेतल्या होत्या. तेव्हाचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. रुपया हेच वजन, रुपया हाच माल, रुपया हीच किंमत. पण त्या रुपयातही बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं असे. एका रुपयात जवळजवळ एक ग्रॅम तांबं. वीस रुपये वजनाच्या तोरड्यांत एकोणीस-वीस ग्रॅम.

हे तांबं कोणी चोरून घातलेलं नाही. निव्वळ चांदी फार मऊ. तिच्या तोरड्या केल्या तर शेतात निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पायात त्या एक हंगाम टिकायच्या नाहीत. कड्या ओढल्या जातील, नक्षी पुसली जाईल, फासा वाकेल. तांबं मिसळलं की चांदी कणखर होते. इंग्लंडात १३०० सालीच कायद्यानं ठरवून टाकलं होतं, की चांदीकामात हजारात ९२५ भाग चांदी असावी. उरलेली जागा मुख्यतः तांब्याचीच. आज सराफ्यात ज्याला नाइन टू फाइव्ह म्हणतात ते हेच प्रमाण. आजीच्या रुपयांचं प्रमाण त्याच्या अगदी जवळचं, हजारात ९१६ च्या थोडं वर. म्हणजे तोरड्या तीन पिढ्या टिकल्या त्या चांदीतल्या तांब्यामुळे. डाग पडला तोही त्याच तांब्यामुळे.

ही चांदी आमच्या भागात आली तीही कापसाच्याच वाटेनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानातल्या कापसावर येऊन टेकल्या. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाचे जे प्रकार भावासकट छापले जात, त्यांत ‘हिंगणघाट’ हे नाव असे. वणा नदीच्या काठच्या या गावातून गाड्याच्या गाड्या कापूस बाहेर पडत होता आणि त्याच्या बदल्यात कलदार रुपये आत येत होते. त्या तेजीत बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या आणि नांगराला चांदीचा फाळ लावल्याच्या गोष्टी कापूसपट्ट्यात सांगितल्या जात. त्यांत अतिशयोक्ती असेल, पण बायकांच्या पायांत तोरड्या आल्या, मुलांच्या कमरेला करगोटे आले, याला अतिशयोक्तीची गरज नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे वर्ध्याहून फाटा निघून हिंगणघाटला आला. तिकडे बुलढाण्याकडे खामगाव हीदेखील कापसाचीच मोठी पेठ, आणि त्याच खामगावला आज लोक रजतनगरी म्हणतात. कापूस आणि चांदी यांची सोयरीक विदर्भात अशी जुनी आहे.

शेतकऱ्यासाठी ती चांदी दागिना कमी आणि तिजोरी जास्त होती. १८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे पायातल्या चांदीची आणि खिशातल्या रुपयाची किंमत एकमेकींना धरून चालत होती. त्या वर्षी सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि ही गाठ सुटली. रुपयाचं मोल वर राहिलं, चांदीचं घसरलं. लगोलग १८९६-९७ चा दुष्काळ आला, मग १८९९-१९०० चा. पीक बुडालेल्या घरांनी गाठोड्यातली चांदी मोडायला काढली, तेव्हा शंभर रुपये वितळवून केलेल्या डागिन्याचे शंभर रुपये येईनात. ज्या तोरड्या अशा वर्षांतूनही मोडल्या गेल्या नाहीत, सावकाराच्या पुरचुंडीतून सुटून परत आल्या, त्या जपाव्याशा का वाटतात, हे वेगळं सांगायला नको. अशा वस्तूवर डाग दिसला की माणसाच्या मनात पहिल्यांदा फसवणूकच येते. अशा घरांनी तसे दिवस पाहिलेले असतात.

१९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली गेली; उरलेल्या अर्ध्यात मुख्यतः तांबं, थोडं निकेल, थोडं जस्त. १९४७ मध्ये रुपया निकेलचाच झाला. अर्ध्या चांदीचा तो रुपया दिसायला नवा असताना पांढरा असे, पण वितळवून त्याची कडी ओढली की ती लवकर पिवळट, मग काळपट दिसू लागते. म्हणून जुन्या डागिन्यात एखादीच कडी वेगळ्या रंगाची दिसली, तर ती कोणत्या सालच्या दुरुस्तीत आली असावी याचाही अंदाज बांधता येतो.

काकांनी मला बसायला स्टूल दिलं. त्यांच्यापुढे एका लहान मुलाचा करगोटा झाळायला आलेला होता. ‘पाहा आता कुठून येते तांबं ते,’ म्हणाले.

आधी त्यांनी तो रिठ्याच्या पाण्यात धुतला. अंगाचं तेल, घाम, मळ राहिला तर डाख धरत नाही. तुटलेली टोकं बारीक कानशीनं घासून एकमेकांना इतकी नेटकी भिडवली, की मधून उजेड दिसेना. मग लहान दगडी सहाणेवर पाण्याचे थेंब टाकून टाकणखार उगाळला आणि ते दाट पांढरं पाणी ब्रशानं सांध्यावर लावलं. डाख म्हणजे चांदीच, पण तिच्यात तांबं आणि जस्त वाढवलेलं, म्हणजे ती डागिन्याच्या आधी वितळावी. त्याच्या पत्र्यातून मोहरीएवढे तुकडे कातरून त्यांनी चिमट्यानं सांध्यावर ठेवले. पूर्वी इथे कोळशाची शेगडी आणि तोंडानं फुंकायची फुंकणी असे. आता गॅसची नळी आहे. दुकानाच्या त्या कोपऱ्यात दिवा मुद्दाम लावत नाहीत. चांदीचा लालपणा उजेडात कळत नाही, आणि लालपणा कळला नाही तर डागिना हातचा जातो.

ज्योत लांबून फिरू लागली. पाणी उडालं, टाकणखार फुगून वर आला, मग बसला आणि काचेसारखा पातळ होऊन सांध्यावर पसरला. चांदी हळूहळू मंद लाल झाली. सातशे अंशांच्या आसपास डाखाच्या कणांचे कोपरे गोल झाले, आणि एका क्षणी ते सगळे एकदम वितळून सांध्यातून चमकदार रेघेसारखे धावले. काकांनी त्याच क्षणी ज्योत बाजूला केली. सांधा झाला होता. आणि करगोटा काळा झाला होता.

तो काळेपणा चांदीचा नव्हता. चांदी आणि ऑक्सिजन यांचं जमलेलं बिऱ्हाड इतक्या उष्णतेत टिकत नाही. भट्टीत निव्वळ चांदी तापवली तर ती पांढरीच निघते. काळं पडतं ते तांबं. पृष्ठभागावरच्या तांब्याचं काळं ऑक्साइड होतं, आणि ते काढणं सोपं असतं. काकांनी करगोटा कोमट, पातळ केलेल्या गंधकाच्या तेजाबात सोडला. काही मिनिटांत काळेपणा विरघळला आणि करगोटा वर आला तो खडूसारखा पांढरा, निस्तेज. पितळी तारेच्या ब्रशानं रिठ्याच्या फेसात घासल्यावर त्याला तेज आलं.

खरी अडचण त्या पांढऱ्याच्या खाली असते. तापलेली चांदी ऑक्सिजनला आपल्या आत वाट देते. वितळलेली चांदी तर स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो बाहेर टाकते. डागिना वितळत नाही, पण लाल होईपर्यंत तापला की ऑक्सिजन पृष्ठभागाखाली उतरतो आणि तिथल्या तांब्याला गाठतो. तिथे त्याचं तांबूस ऑक्साइड तयार होतं, आणि ते चांदीत मिसळलेलं असल्यानं वरून जांभळट-करडं दिसतं. ज्योत जितका वेळ फिरेल, जितक्या वेळा फिरेल, तितकं ते खोल जातं. तेजाब वरवरचं तांबं धुऊन नेतं आणि वर शुद्ध चांदीची पातळ साय ठेवतं. खालच्या जांभळ्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. डागिना दुकानातून पांढरा येतो तो या सायीमुळे. घरी आपण पावडर लावून घासतो, पायातल्या पायात कड्या एकमेकींवर घासतात, ती साय जाते आणि खालचा रंग उघडा पडतो. म्हणून हा डाग दुकानात दिसत नाही, घरी दिसतो. आणि म्हणूनच तो फसवणुकीसारखा वाटतो. आजीची चांदी ज्योतीखाली जास्त वेळ होती, नवी कडी लहान होती, शेवटी बसवलेली होती. डाग जुन्या चांदीवर जास्त का, याचं उत्तर मला मिळालं.

काकांकडे बसल्यावर कळलं, की दुरुस्तीनंतरचे रंग अनेक असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. तेजाबात चुकून लोखंडी चिमटा गेला, किंवा सांधा बांधायला वापरलेली लोखंडी तार तशीच राहिली, तर तेजाबात विरघळलेलं तांबं उलट फिरून चांदीवर बसतं आणि डागिना गुलाबी होतो. घाबरण्यासारखं दिसतं, पण ते सगळ्यात वरवरचं. शिशा-कथलाचा डाख मात्र खरा वैरी. एखाद्यानं कधीकाळी घाईत कथलाचं टाचण मारलेलं असतं. तसाच डागिना पुढच्या दुरुस्तीत मोठ्या आचेवर गेला तर शिसं चांदीला खातं, खड्डे पाडतं, आणि तो करडा व्रण कशानंही भरत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी जुना सांधा खरवडून पाहतो. पोकळ वाळ्यात किंवा घुंगरात तेजाब अडकून राहिलं, सोड्याच्या पाण्यानं मारलं नाही, तर ते नंतर पाझरत राहतं आणि सांध्याभोवती हिरवट-काळं वलय धरतं. हल्लीच्या पुष्कळ नाजूक डागिन्यांवर ऱ्होडियमचा मुलामा असतो. त्यांना आच लागली की निळसर काळे डाग पडतात, आणि तेजाबात ते हलत नाहीत. मुद्दाम काळ्या केलेल्या, ज्यांना ऑक्सिडाइज्ड म्हणतात त्या डागिन्यांचं उलट होतं. तो काळेपणा गंधकानं आणलेला असतो आणि आचेवर तो उडून जातो, सांध्याभोवती पांढरा चट्टा दिसू लागतो. अशा डागिन्याला दुरुस्तीनंतर पुन्हा काळं करावं लागतं.

घरात ठेवल्या-ठेवल्या चांदी काळी पडते, तो प्रकार या सगळ्यांहून निराळा. तिथे आग नाही, हवेतला आणि घामातला गंधक आहे. कांदा, अंडं, रबर, लोकर, सगळ्यांत तो असतो. चांदी आणि गंधक यांचा काळा थर बसतो. चांदी काळी पडली की अंगात उष्णता आहे, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. पण तो बहुतेक स्वयंपाकघराचा आणि हवेचा हिशेब असतो. हा काळेपणा आणि आगीचा डाग वेगळे ओळखायची सोपी रीत आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी आणि खायचा सोडा घालून डागिना त्यात भांड्याला टेकून ठेवायचा. गंधकाचा काळेपणा असेल तर थोड्या वेळात उतरतो, कारण ॲल्युमिनियम तो गंधक चांदीकडून सोडवून घेतं. आगीची जांभळट सावली तशीच राहते. खडे, मोती किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

मग ही सावली टाळता येत नाही का? येते. आणि माझ्या मनात सगळ्यात खोल गेली ती हीच गोष्ट. सांध्यापुरताच टाकणखार न लावता सगळ्या डागिन्यावर लेप द्यायचा. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून त्यात डागिना बुडवला आणि स्पिरिट पेटवून उडवलं, की त्याच्यावर पातळ पांढरं कवच बसतं. तापल्यावर ते वितळून चांदीला हवेपासून झाकतं. ज्योत मऊ ठेवायची, हवा कमी, आणि सांधा एकाच खेपेत करायचा. सावली पडलीच, तर बारीक कानशीनं आणि ओपणीनं ती काढता येते, फक्त वजन घटतं आणि नक्षी बोथट होते. किंवा डागिना मंद तापवून तेजाबात सोडायचा, धुवायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा सोडायचा. दर खेपेला वरचं तांबं थोडं निघून जातं आणि शुद्ध चांदीची साय जाड होत जाते. जुने कारागीर हेच काम चिंचेच्या किंवा तुरटीच्या उकळत्या पाण्यात करत. नाहीतर वरून चांदीचा मुलामा द्यायचा, सावली झाकून टाकायची. इंग्लंडातल्या कारखान्यांनीही पुष्कळदा हाच मार्ग धरला. अलीकडे तांब्याबरोबर थोडं जर्मेनियम घातलेली चांदी निघाली आहे. जर्मेनियम ऑक्सिजनला आधी अडवतं, म्हणून तिच्यावर हा डाग जवळजवळ पडत नाही. पण आजीच्या तोरड्या काही जर्मेनियमच्या नव्हेत.

यातली कोणतीही रीत अवघड नाही, आणि सामान स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. लेप द्यायला वेळ लागतो, वाळायला वेळ लागतो, तापवणं आणि धुणं पुनःपुन्हा करायला दिवस जातो. आणि दुरुस्तीच्या मजुरीत तो दिवस कुठेच धरलेला नसतो. नव्या डागिन्याची घडणावळ आपण ग्रॅमवर देतो, टक्क्यांवर देतो, कुरकुरत का होईना देतो. तुटलेली कडी मात्र ‘एवढंच तर आहे’ म्हणून पुढे करतो आणि बाजार उरकेपर्यंत परत मागतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना कारागीर सांधा करील, पण लेप देत बसणार नाही. जांभळट सावलीत पुष्कळदा हा वाचवलेला वेळ असतो. तो सोनारानं एकट्यानं वाचवलेला नाही, आपण दोघांनी मिळून वाचवलेला असतो.

आपल्याकडे वेळ देऊन चांदी उजळायची रीत नव्हती असं नाही. लग्न ठरलं किंवा गोंधळ घालायचा असला, की देवघरातले टाक सोनाराकडे उजळायला जातात. त्यांचे पातळ पत्रे जपून तापवायचे, निखळलेली कड जोडायची, चिंचेत-रिठ्यात धुवायचे, हळदीकुंकू लावून परत आणायचे. तिथे कोणी घाई करत नाही आणि मजुरीवरून हुज्जतही घालत नाही. संत नरहरी सोनारांच्या कथेत तर विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा मापात बसेना, म्हणून तो पुनःपुन्हा दुरुस्तीला परत येतो. कथेचा भक्तीचा अर्थ मोठा आहे. पण डागिना पहिल्या खेपेत बसला नाही तर तो परत आणावा, कारागिरानं पुन्हा हातात घ्यावा, ही साधी रीतही त्या कथेत गृहीत धरलेली आहे.

ती रीत आज मोडीत निघते आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली. तेव्हापासून तुटका डागिना घेऊन सराफाकडे गेलं, की पहिला सल्ला मिळतो तो मोड देण्याचा. घट धरा, भाव धरा, फरक द्या, नवीन घेऊन जा. चांदीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीची यंत्रावर झालेली सुबक पैंजणं काचेआड टांगलेली असतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हुपरीच्या त्या धंद्यावर हजारो घरं चालतात. पण मोडीत गेलेली तोरडी भट्टीत पडते आणि तिथे राणीछाप रुपये, दुष्काळ, सावकाराची पुरचुंडी, आजीच्या सासूचं माप, सगळं एकाच रसात मिसळून पाटीचं रूप घेतं. चांदी वाया जात नाही, हे खरं. वाया जातं ते झाळणाऱ्या हाताचं काम. दुरुस्ती कमी झाली की दुरुस्ती येणारे हातही कमी होतात. आणि मग जी थोडी दुरुस्ती होते ती आणखी डाग पाडणारी होते.

काकांनी आमच्या तोरड्यांसाठी वाटा सांगितल्या. घासून काढली तर सावली जाईल, पण फाशाजवळची वेलबुट्टी बोथट होईल. मुलामा दिला तर तूर्त छान दिसेल, पायात घातल्यावर झिजेल. तापवून-धुवून साय चढवली तर नक्षी शाबूत राहील. सावली बरीच निवळेल, पण पूर्ण जाईलच असं नाही. आम्ही तिसरी वाट निवडली आणि सांगितलं, की आम्हाला घाई नाही. तोरड्या दुकानात राहू दिल्या. परत मिळाल्या तेव्हा सांध्याजवळ अगदी फिकट छटा उरली होती, ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसेल अशी. त्यांनी सांगितलेली मजुरी ऐकून काकूच म्हणाल्या, ‘एवढ्या कामाचे एवढेच?’ तोरड्यांतल्या चांदीच्या किमतीपुढे ती रक्कम खरोखर काहीच नव्हती.

चांदीचा हॉलमार्क आपल्याकडे आहे, पण अजून ऐच्छिक आहे. तो सक्तीचा झाला तर नव्या डागिन्यातल्या चांदीचं प्रमाण छापून मिळेल, आणि ते चांगलंच होईल. पण दुरुस्तीवर कोणता शिक्का मारणार? तिथे माणसालाच माणसाशी बोलावं लागतं. डागिना कुठल्या चांदीचा आहे, आधी कधी झाळला होता, त्यावर मुलामा आहे का, काळी नक्षी मुद्दाम केलेली आहे का, हे आपण आधी सांगायचं. सगळ्या डागिन्यावर लेप देऊन सांधा करा, असं मोकळेपणानं मागायचं. किती दिवस लागतील हे त्यांना विचारायचं, आणि तितके दिवस खरोखर द्यायचे. तोळा-ग्रॅमचा काटा चांदीचं मोल सांगतो; कारागिराच्या दिवसाचं मोल आपण स्वतः धरायला हवं. ते धरलं तर हिंगणघाटच्या, खामगावच्या, वर्ध्याच्या सराफ्यात झाळणारे हात टिकतील, आणि डाग दिसल्या दिसल्या चांदी बदलली म्हणण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.